जुलाब लागले की ओआरएस नेमकं कसं द्यायचं, आणि आतड्याच्या अस्तरात तेव्हा काय चाललेलं असतं

मे महिन्यात माझ्या नणंदेचा मुलगा सुट्टीला आमच्याकडे इंदूरला आला होता, साडेतीन वर्षांचा, आणि तिसऱ्याच दिवशी त्याला जुलाब लागले. मी मेडिकलच्या दुकानात काम करते, तिथून रात्री साडेनऊला घरी आले तर ओट्यावर ओआरएसचं मोठं पाकीट फाडलेलं पडलं होतं, शेजारी स्टीलचा ग्लास आणि ग्लासाच्या तळाशी पांढरा साका. मी विचारलं, "आई, ह्याच्यात पाणी किती घातलंत?" सासूबाई म्हणाल्या, "अगं एक ग्लासच. घट्ट दिलं म्हणजे पोराला लवकर ताकद येईल ना." त्यांनी जीव लावूनच दिलं होतं, पण पोरगं तहान तहान करत होतं आणि तासाभरात दोनदा पाण्यासारखी झाली होती.

हीच गोष्ट मी काउंटरवर रोज बघते. कोणी पाकीट एका ग्लासात घालतं, कोणी चव जरा बरी लागावी म्हणून वरून साखर घालतं, कोणी दोन चमचे पाजून बाकीचं ठेवून देतं आणि मग सांगायला येतं की ओआरएसने काहीच फरक पडत नाही, मोशन बंद व्हायची गोळी द्या. म्हणून आज नीट लिहितेय. नुसतं "असं करा" सांगितलं तर लोक आपल्या मनाने माप बदलतात, पण आतड्याचं अस्तर काय करत असतं हे एकदा कळलं की मग माप बदलायला हात धजत नाही, निदान माझ्या घरी तरी तसं झालं.

आधी एक हिशोब बघा. आपण दिवसाला पाणी, चहा, वरण, ताक सगळं मिळून साधारण २ लिटर पितो. पण आतड्यात रोज उतरतं ८-९ लिटर, कारण लाळ, जठराचा रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव हे सगळं आपलंच शरीर त्यात ओतत असतं. त्यातलं बहुतेक सगळं छोटं आतडं परत शोषून घेतं, उरलेलं लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात जातं आणि तिथूनही शोषलं जाऊन शौचावाटे जेमतेम १००-२०० मिली बाहेर पडतं. म्हणजे घेणंही चालूच असतं आणि सोडणंही चालूच असतं, आणि ह्या दोन्हीचा ताळमेळ बिघडला की जुलाब. आतडं कुठे फाटलेलं नसतं, गळत नसतं.

हे सगळं होतं एका अस्तरात, आणि ते अस्तर पेशींच्या फक्त एका थराचं असतं. जुन्या पुस्तकांत त्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं लिहिलेलं असायचं, अलीकडे मोजलं तर साधारण ३० चौरस मीटर निघालं, म्हणजे एखाद्या छोट्या वन आरकेएवढं, तरीही एवढ्याशा पोटात ते बसतं कारण अस्तराला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्या मुळाशी खोल खाचा असतात. ढोबळमानाने उंचवट्यांच्या टोकांकडच्या पेशी शोषून घ्यायचं काम करतात आणि खाचांतल्या पेशी पाणी सोडायचं. नवीन पेशी खाचेत जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि ३ ते ५ दिवसांत टोकावरून गळून पडतात. म्हणजे आठवडाभरात अख्खं अस्तर नवीन होतं! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटरवरून, पंपामागून पंप लावून घाट चढवून आणावं लागतं हे आपल्याला माहीत आहे. आतड्यात मात्र पाण्याला पंपच नाही. पंप आहेत ते मिठाला. सोडियम, क्लोराइड जिकडे जातील तिकडे पाणी आपोआप मागोमाग जातं. त्यामुळे शरीराला पाणी आत घ्यायचं असेल तर ते मीठ आत घेतं, आणि पाणी आतड्यात सोडायचं असेल तर मीठ सोडतं. पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीवर उभं आहे.

सोडायचं कसं? खाचेतल्या पेशीच्या मागच्या म्हणजे रक्ताकडच्या बाजूला एक वाहक प्रथिन असतं, ते एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे एकत्र पेशीत ओढतं. सोडियम दुसरा पंप लगेच परत बाहेर टाकतो, पोटॅशियमही निघून जातं, आणि क्लोराइड पेशीत साठत राहतं. पुढच्या बाजूला, म्हणजे आतड्याच्या पोकळीकडे, त्याला बाहेर पडायची एक वाट असते, तिचं नाव सीएफटीआर. ही वाट एरवी बरीचशी बंद असते. पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढला की ती उघडते, क्लोराइड आतड्यात जातं, त्याच्या विद्युतभाराला ओढलं जाऊन सोडियम पेशींच्या फटींमधून मागे जातं, आणि मीठ गेलं की पाणी गेलंच.

हे काही वाईट नाही हं, हे रोज लागतंच. जेवण पातळ राहायला, अस्तरावरचा चिकट थर म्हणजे म्यूकस ओला राहायला, जंतू धुवून टाकायला हे पाणी पाहिजेच. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या जन्मजात आजारात हीच सीएफटीआरची वाट बिघडलेली असते, आणि अशा काही बाळांची पहिली शी इतकी घट्ट चिकट होते की आतड्यातच अडकते. आणि ह्या वाटेवर लक्ष ठेवायला आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या नसांचं जाळं आहे, ते मेंदूला न विचारतासुद्धा ठरवू शकतं की आत्ता पाणी सोडायचं की थांबायचं. काही चुकीचं आत आलंय असं अस्तरातल्या काही खास पेशींना जाणवलं की त्या सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, नसा जाग्या होतात आणि खाचांना हुकूम जातो की धुवून काढा. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री उशिरा काहीतरी शिळं पोटात गेलं की पहाटे जे होतं त्यात ह्या हुकुमाचा मोठा हात असतो.

कॉलऱ्याचा जंतू काय करतो तर तो ह्या हुकुमाचं बटणच दाबून धरतो. त्याचं विष पेशीत शिरून सायक्लिक एएमपी बनवणारी यंत्रणा चालू अवस्थेत अडकवतं, मग क्लोराइडची वाट बंदच होत नाही. कॉलऱ्याचं असं विष असतं हे कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. ई. कोलाय जंतूच्या काही जाती अशाच प्रकारचं विष बनवतात, आणि लहान मुलांचा रोटाव्हायरस वेगळ्या वाटेने, पेशीतलं कॅल्शियम वाढवून हेच करतो, शिवाय वरचे उंचवटेही खराब करतो म्हणून शोषणही कमी होतं. (रोटाव्हायरसची लस आपल्याकडे सरकारी लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली, बाळाची राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, तिला वयाची मर्यादा असते.)

आणि आता ओआरएस का चालतं ते. क्लोराइडची वाट उघडी पडलेली असतानाही उंचवट्यांवरच्या पेशींमध्ये दुसरं एक प्रथिन शाबूत असतं, एसजीएलटी-१. त्याची अट एकच, दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे बरोबर आले तरच आत घेणार. एकटं मीठ आलं तर नाही, एकटं ग्लुकोज आलं तर नाही. ही जोडी १९६० मध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी प्रागमधल्या एका बैठकीत मांडली होती. कॉलऱ्याच्या विषाचा ह्या प्रथिनावर परिणाम होत नाही, म्हणून एकीकडून पाणी जात असलं तरी दुसरीकडून आपण ते आत भरत राहू शकतो.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं, पिशव्या गरम इस्त्रीने बंद केल्या, आणि पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हातून पेशंटला पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला ह्यातलं सगळ्यात जास्त काय भिडतं तर पाजणारे नर्स-डॉक्टर नव्हते, आई-बाप-भाऊ होते.

तर आता करायचं कसं.

मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं आणि ते १ लिटर पाण्यासाठी असतं. छोटं साधारण ४ ग्रॅमचं, ते २०० मिलीसाठी, म्हणजे एका ग्लासासाठी. पाकिटावर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या. लिटर मोजायला घरात माप नसेल तर १ लिटरची पाण्याची बाटली असतेच, ती भरून स्वच्छ पातेल्यात ओता आणि अख्खं पाकीट एकदम घालून ढवळा. अर्धं पाकीट आत्ता, अर्धं उद्या असं करू नका, कारण पावडरीत क्षार सारखे मिसळलेले राहतीलच असं नाही आणि उघड्या पाकिटाला ओल धरते. कालवल्यावर उकळू नका, वरून साखर, दूध, ज्यूस काही घालू नका. झाकून ठेवा आणि २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्या, माळव्यातल्या मे महिन्यात तर मी सकाळचं रात्रीनंतर वापरतच नाही.

आता त्या घट्ट ग्लासाचं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून जे ओआरएस ठरवलंय त्यात लिटरला सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १० असे मिलिमोल (विरघळलेले कण मोजायचं माप) असतात, एकूण २४५. आपलं रक्त असतं २९० च्या आसपास. म्हणजे ओआरएस रक्तापेक्षा थोडं पातळ, म्हणून पाणी सहज आत ओढलं जातं. तेच पाकीट २०० मिलीत घातलं की होतं २४५ च्या पाचपट, १२२५! रक्ताच्या चौपट घट्ट. मग पाणी उलटं रक्तातून आतड्यात येतं, जुलाब वाढतात, आणि वर शरीरात मीठ चढतं ते वेगळंच, लहान मुलांना त्याने झटकेसुद्धा येऊ शकतात. पोरगं तहानेने का कळवळत होतं ते सासूबाईंना मी हेच आकडे कागदावर लिहून दाखवले, त्या गप्प झाल्या आणि लगेच बाटली घेऊन मापायला उठल्या.

द्यायचं किती? २ वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शी नंतर ५० ते १०० मिली, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना मागतील तेवढं. पण एका दमात ग्लास संपवायला लावू नका, उलटी होईल. आमच्या भाच्याला मी मांडीवर घेऊन बसले आणि ५ मिलीच्या चमच्याने, मिनिटाला एक चमचा, असं दिलं. हे दिसायला काहीच वाटत नाही पण तासाला ३०० मिली होतात. मध्येच त्याने उलटी केली. अशा वेळी लोक घाबरून थांबतात, पण फक्त १० मिनिटं थांबायचं आणि परत सुरू करायचं, फक्त आधीपेक्षा हळू, दोन-तीन मिनिटांना एक चमचा. उलटीत सगळंच गेलं असं वाटतं, तसं नसतं, बरंचसं खाली गेलेलं असतं. हात दुखतो, झोप येते, म्हणून घरातल्या दोघा-तिघांनी पाळी लावा. आम्ही अकरापर्यंत मी, मग एकपर्यंत नणंद, पुढे ह्यांनी असं केलं आणि पहाटे त्याने शू केली तेव्हा नणंद रडलीच.

पाकीट घरात नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून सुरीच्या पाठीने सारखा केलेला, शीग नको. साखर अस्तराच्या पृष्ठभागावर तुटून निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज होते, कामाचा आपल्याला ग्लुकोजचाच भाग. चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून परत करा. ह्यात पोटॅशियम नसतं म्हणून जोडीला केळं किंवा नारळपाणी द्या. मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज तर फारच चांगली, तांदळातला स्टार्च हळूहळू तुटून ग्लुकोज सुटत राहतं, एकदम घट्टपणा वाढत नाही, आपल्या आज्या देत होत्या ते उगाच नाही. मीठ घातलेलं ताक, मुगाच्या डाळीचं पाणीही चालतं.

काय देऊ नका तेही सांगते कारण इथे फार चुका होतात. कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर असते, ओआरएसमध्ये १.३५ ग्रॅम. सोडियम जवळजवळ नाहीच. म्हणजे जोडीदार नाही, आणि जास्तीची साखर पाणी उलटं ओढते. पाकिटातले फळांचे रस तसेच, ग्लुकोज पावडरही तशीच. खोक्यातली गोड पेयं "ओआरएस" हे शब्द नावात घालून विकली जायची, एका दुकानात मला स्वतःला भाच्यासाठी तसलंच खोकं पुढे केलं होतं, तीन वेळा सांगितल्यावर पाकीट काढून दिलं. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई ह्यासाठी कित्येक वर्षं लढल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, असल्या पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. तरीही घेताना मागची बाजू वाचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं असलं पाहिजे.

आता ती मोशन बंद करायची गोळी. लोपेरामाइड मुख्यतः आतड्याची हालचाल मंद करते, अस्तराने सोडलेलं पाणी आणि जंतू आतच थांबतात. लहान मुलांना ती घरच्या घरी द्यायचीच नाही, आणि रक्त पडत असेल किंवा जोराचा ताप असेल तर मोठ्यांनीही मनाने घ्यायची नाही. रेसकॅडोट्रिल नावाचं औषध वेगळं आहे, ते अस्तरातलं एन्केफॅलिन नावाचं नैसर्गिक रसायन टिकवून स्राव कमी करतं, पण ते डॉक्टर लिहून देतील तेव्हाच. अँटिबायोटिकचंही तेच, बहुतेक जुलाबांना ते लागत नाही. गंमत म्हणजे ह्याच अस्तरातला हाच स्राव मुद्दाम वाढवणारी औषधंही आहेत, जुनाट बद्धकोष्ठासाठी, ल्युबिप्रोस्टोन, लिनॅक्लोटाइड वगैरे. लिनॅक्लोटाइड तर ई. कोलायच्या एका विषाच्याच जागी जाऊन बसतं. तेच अस्तर, गरज उलटी.

ओआरएस दिल्यावर जुलाब लगेच थांबणार नाहीत, हे आधीच मनात धरा. ते शोषण वाढवतं, क्लोराइडची वाट बंद करत नाही. ती वाट बंद व्हायला विष निघून जावं लागतं आणि पेशी बदलाव्या लागतात, म्हणजे परत ते ३ ते ५ दिवस. म्हणून किती वेळा शी झाली हे मोजत बसण्यापेक्षा शू होतेय का, जीभ ओली आहे का, पोरगं खेळतंय का हे बघा.

आणि घरी थांबायचं नाही असं कधी? डोळे खोल गेलेत, रडतंय पण पाणी येत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू परत जाते, सहा-आठ तास शू नाही, गुंगीत आहे, पिऊच शकत नाही, सगळं उलटून टाकतंय, शी मध्ये रक्त आहे, किंवा श्वास खोल आणि भराभर चाललाय. हा शेवटचा श्वासाचा मुद्दा लोकांना माहीत नसतो. जुलाबातून बायकार्बोनेटही जातं, रक्त आंबट होतं आणि शरीर श्वास वाढवून ते सावरायला बघतं. ओआरएसमधलं सायट्रेट ह्याच्यासाठीच असतं, यकृतात त्याचं बायकार्बोनेट होतं. असं काहीही दिसलं तर इंदूरचं सरकारी एमवाय हॉस्पिटल असो की गल्लीतले डॉक्टर, तडक गाठा, आणि रिक्षातही चमचा चालू ठेवा. तान्हं बाळ असेल तर लक्षणांची वाट न बघता लवकर दाखवा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं विसरू नका. बीपीची, लघवी वाढवणारी, शुगरची गोळी चालू असेल आणि जुलाब लागले तर त्या दिवशी ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांना फोन करून विचारा. किडनी किंवा हार्टचा त्रास असेल तर ओआरएस किती द्यायचं तेही विचारा. डायबिटीस आहे म्हणून ओआरएस नाकारू नका, लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम आहे, शुगर तपासत राहायची, एवढंच.

खाणं बंद करू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर अजिबात नाही. उंचवट्यांवरच्या नवीन पेशींना अन्न लागतं, उपाशी ठेवलं की अस्तर उभं राहायला वेळ लागतो. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, दही, केळं. कच्चं केळं उकडून कुस्करून देणंही चांगलं, बांगलादेशात ह्याच्यावर अभ्यास झालेत, त्यातला न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात ती तिथे सोडियम आणि पाणी शोषायला मदत करतात. पोहे-सेव आणि जिलबी मात्र चार-पाच दिवस लांब ठेवा, भाच्याला ते पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आणि झिंक. ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, १४ दिवस. चमच्यात पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की लोक पट्टी तशीच ठेवून देतात. आम्ही फ्रिजवर चौदा चौकोन आखून कागद चिकटवला होता, नणंद बाराव्या दिवशी परत गावी गेली तर उरलेल्या दोन गोळ्या आणि तो कागद दोन्ही घेऊन गेली.